कार्ड आहे, पण यादीत नाव आहे का? फोटो ओळखपत्राच्या सक्तीबद्दल

मतदानासाठी फोटो ओळखपत्राची सक्ती असावी का, या तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. भारतात ओळखपत्र दाखवल्याशिवाय मत देता येत नाही आणि त्याबद्दल फारशी तक्रारही ऐकू येत नाही, मग अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये यावरून एवढं रण का माजतं? सक्तीला विरोध करणारे बोगस मतदानाला मोकळं रान देऊ पाहतात का? आणि घरोघरी आधार पोचलंय, तर केंद्रावर अंगठा लावूनच मतदान का घेत नाहीत? मी महसूल खात्यात नोकरी केली. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, क्षेत्रीय अधिकारी आणि शेवटची बरीच वर्षं तालुक्याची निवडणूक शाखा सांभाळली. तेव्हा जे सांगतो ते टेबलाच्या पलीकडे बसून पाहिलेलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मतदाराकडे फोटोचं ओळखपत्र मागणं योग्य आहे. पण ते त्याच्या हातात पोचवायची जबाबदारी सरकारची आहे. ती सरकारने पार पाडली नसेल, तर त्याची शिक्षा मतदाराला देता कामा नये. दुसरं म्हणजे ओळखपत्रावर जेवढी भांडणं होतात त्याच्या निम्मं लक्ष जरी मतदार यादीकडे दिलं, तरी जास्त मतं वाचतील आणि जास्त बोगस मतंही अडतील.

मताचा हक्क कार्डातून येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६२ मध्ये ते स्वच्छ लिहिलंय. ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे त्याला मत देता येतं, ज्याचं नाही त्याला येत नाही. कार्ड फक्त एवढंच सांगतं की यादीतल्या अमुक क्रमांकाचा माणूस तो हाच. दर निवडणुकीला माझ्यापुढे असे लोक येऊन उभे राहिले, ज्यांच्या हातात निवडणूक आयोगाचं कार्ड होतं, मागच्या वेळी त्यांनी मतही दिलं होतं आणि या वेळी यादीत नाव नव्हतं. ते कार्ड टेबलावर आपटतात, आणि त्यांचा संताप अगदी खरा असतो. पण उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव घालायला कायद्यानेच मनाई आहे. त्या दिवशी केंद्राध्यक्ष, तहसीलदार, जिल्हाधिकारी, कुणीही काही करू शकत नाही. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि मुंबईत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. नावं गायब होती, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निवडणूक आयुक्तांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात ओळखपत्र होतं.

आता केंद्राच्या आत काय चालतं ते बघा, म्हणजे फोटोचं महत्त्व कुठे आहे आणि कुठे नाही ते कळेल. दारातून आत आलात की पहिला मतदान अधिकारी बसलेला असतो. त्याच्यापुढे यादीची चिन्हांकित प्रत असते. तो तुमचं ओळखपत्र बघतो, यादीतला क्रमांक शोधतो आणि तुमचं नाव मोठ्याने वाचतो. हे मोठ्याने वाचणं फार महत्त्वाचं आहे, कारण मागे बसलेल्या उमेदवारांच्या पोलिंग एजंटांकडेही यादीची प्रत असते आणि आक्षेप घ्यायची त्यांची वेळ तीच. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, १७-अ नोंदवहीत तुमची सही किंवा अंगठा घेतो आणि कोणतं कागदपत्र दाखवलंत त्याची नोंद करतो. तिसऱ्याकडे चिठ्ठी आणि मतयंत्राचं कंट्रोल युनिट.

एजंटाला वाटलं की हा माणूस तो नव्हे, तर त्याने केंद्राध्यक्षाकडे दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा. हो, दोनच रुपये. निवडणुकीच्या १९६१ च्या नियमांत आहेत तेवढेच. मग केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. एकदा एका आजीबाईंवर असा आक्षेप आला. कार्डावर वच्छलाबाई, यादीत वत्सला, आधारवर वत्सलाबाई. कार्डावर वडिलांचं नाव, यादीत नवऱ्याचं. फोटो दहा-बारा वर्षांपूर्वीचा, त्यात केस काळे, समोर उभ्या त्या पांढऱ्या केसांच्या. एजंट दुसऱ्या गावचा होता आणि हटून बसला होता. मी आजींना एवढंच विचारलं की तुमच्या घरात मतं कुणाकुणाची आहेत आणि शेजारचं घर कुणाचं. त्यांनी यादीतल्या पुढच्या सात-आठ ओळी जवळपास क्रमाने म्हणून दाखवल्या, वर धाकट्या सुनेचं नाव अजून का आलं नाही म्हणून मलाच विचारलं. आक्षेप फेटाळला, त्यांनी मत दिलं. आयोगाची सूचनाही तशीच आहे: नावातली, वयातली, स्पेलिंगमधली किरकोळ चूक सोडून द्यायची, माणूस तोच असल्याची खात्री पटली की पुरे. कार्ड दुसऱ्या मतदारसंघातून काढलेलं असलं तरी चालतं, नाव मात्र या केंद्राच्या यादीत हवं. फोटोच दुसऱ्याचा छापून आला असेल, तेव्हा मात्र दुसरं कागदपत्र मागावं लागतं. बुरखा किंवा तोंडावर पदर असेल तर महिला कर्मचारी आडोशाला ओळख पटवते. त्यावरून बाहेर जेवढी चर्चा होते, तेवढी अडचण मला केंद्रावर कधी आली नाही.

आणि समजा तुम्ही पोचलात आणि तुमच्या नावावर कुणीतरी आधीच मत देऊन गेलेलं असेल तर? तुम्ही खरे आहात याची केंद्राध्यक्षाला खात्री पटली, तर तुम्हाला मतयंत्र मिळत नाही, कागदी मतपत्रिका मिळते. तिच्या मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं लिहिलेलं असतं. शिक्का मारून ती वेगळ्या पाकिटात जाते आणि १७-ब या वेगळ्या नमुन्यात नोंद होते. मतमोजणीत हे पाकीट उघडत नाहीत, न्यायालयाने सांगितलं तरच उघडतं. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा या प्रदत्त मतांचा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

तोतयेगिरी किती होते याचं हातात येणारं सर्वांत सरळ माप हे पाकीट आहे. माझ्या केंद्रांवर ते बहुतेक वेळा रिकामं परत गेलं. पण त्यावरून तोतयेगिरी नसतेच असा निष्कर्ष काढू नका. ज्याला हे करायचंच असतं तो येणाऱ्या माणसाच्या नावावर मत देत नाही. तो वारलेल्याच्या, गाव सोडून गेलेल्याच्या, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीच्या नावावर देतो. अशी नावं यादीत पडून राहतात हे मुळातलं दुखणं. म्हणून गैरहजर, स्थलांतरित आणि मृत यांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे दिलेली असते. त्यातलं कुणी आलं तर ओळखपत्र तपासायचंच, वर सहीसोबत अंगठा आणि प्रतिज्ञापत्रही घ्यायचं. ही यादी नीट केलेली असेल तर ओळखपत्रापेक्षा ती जास्त कामाची ठरते, हे माझ्या अनुभवाचं सांगतो.

खेडं आणि शहर यांतही फरक आहे. गावात एजंट प्रत्येकाला आजा-पणजापासून ओळखतो, तिथे फोटोची गरज कमी. शहरातल्या सोसायटीच्या केंद्रावर एजंट भलत्याच वॉर्डातला असतो आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. तिथे फोटो हीच काय ती खात्री. म्हणून फोटो ओळखपत्र निरुपयोगी आहे, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

आपल्याकडे हे सहज उभं राहिलेलं नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. यादी करायला घरी आलेल्या माणसाला कितीतरी बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद वगळावी लागली. पुढे १९६० मध्ये कलकत्त्याच्या एका लोकसभा पोटनिवडणुकीत फोटो ओळखपत्राचा पहिला प्रयोग झाला. सगळ्या मतदारांचे फोटो काढणं जमलं नाही, अनेक बायकांनी फोटो काढून घ्यायला नकार दिला आणि तो प्रयोग गुंडाळावा लागला. १९७९ मध्ये सिक्कीमपासून पुन्हा सुरुवात झाली. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांनी १९९३ मध्ये देशभर ओळखपत्रांचा आदेश काढला आणि ठरलेल्या मुदतीत कार्डं दिली नाहीत तर निवडणुकाच घेणार नाही, असा इशारा राज्यांना दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कार्ड नाही म्हणून मतदानाचा हक्क थांबवता येणार नाही. शेषन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्यामुळे आम्हा कर्मचाऱ्यांना पाठीचा कणा मिळाला. पण या एका मुद्द्यावर न्यायालयाचं बरोबर होतं.

त्यातूनच पर्यायी कागदपत्रांची पद्धत आली. २०२४ च्या लोकसभेला मतदार ओळखपत्र नसेल तर १२ पैकी कोणतंही एक चालत होतं. आधार, रोजगार हमीचं जॉब कार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, लायसन्स, पॅन, पासपोर्ट, पेन्शनची फोटोची कागदपत्रं, दिव्यांगांचं कार्ड वगैरे. परदेशी राहणाऱ्या भारतीय मतदाराला मात्र मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. यादीसुद्धा फोटोची झाली आणि २००९ पर्यंत जवळपास सगळ्या देशात ती वापरात आली. म्हणजे तुमचा फोटो तुमच्या खिशात असतो तसाच अधिकाऱ्याच्या टेबलावरही असतो. माझ्या मते आपल्याकडची सर्वांत मोठी सुधारणा कार्डापेक्षाही ही, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

एक चांगली सोय मात्र २०१९ मध्ये गेली. तोवर बीएलओ (त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) घरी आणून देत असे ती फोटोची मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालायची. आयोगाने ती ओळख म्हणून घेणं बंद केलं. कारणं खोटी नव्हती. चिठ्ठी शेवटच्या दिवसांत छापली जाते, तिच्यावर सुरक्षेची कसलीही खूण नसते, आणि ९९ टक्क्यांहून जास्त मतदारांकडे कार्ड आहे असं आयोगाचं म्हणणं होतं. पण उरलेला एक टक्का म्हणजे महाराष्ट्रातच नऊ लाखांच्या घरातली माणसं. ती कोण असतात ते मला माहीत आहे. पारध्यांच्या पालावरची. पूर आला, घर पडलं, आग लागली त्यात कागद गेलेली. आणि ऊसतोडीला गेलेली. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासूनचा. बीड, जालना, अहिल्यानगरच्या टोळ्या त्या सुमाराला कोल्हापूर, सांगली, कर्नाटककडे निघालेल्या असतात. मुकादमाच्या टेम्पोतून रात्रभर प्रवास करून मताला परत आलेला माणूस मी पाहिलाय. नाव यादीत, यादीतला फोटो त्याचाच, तिन्ही एजंट त्याला ओळखणारे. पण कागदपत्रं कारखान्याजवळच्या कोपीत राहिलेली. नियमाप्रमाणे त्याला मत देता आलं नाही. त्या माणसाबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

आता परदेशाकडे येऊ. ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंड सोडून, २०२३ पर्यंत केंद्रावर नाव आणि पत्ता सांगितला की मतपत्रिका मिळायची. आपल्याला हे ऐकून धक्का बसतो. २०२२ च्या कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं झालं. मे २०२३ च्या इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांत किमान १४,००० मतदार ओळखपत्राअभावी मत न देता गेले, म्हणजे केंद्रावर आलेल्यांपैकी सुमारे ०.२५ टक्के. २०२४ च्या संसदेच्या निवडणुकीत हे प्रमाण ०.०८ टक्क्यांच्या आसपास आलं. आकडा लहान आहे, पण दारावरचं पोस्टर वाचूनच माघारी फिरलेले आणि घरातून निघालेच नाहीत ते त्यात नाहीत. सक्तीच्या बाजूने बोलणारे टॉवर हॅम्लेट्सचा दाखला देतात. पूर्व लंडनमधल्या या भागातली २०१४ ची महापौरपदाची निवडणूक गैरप्रकारांमुळे न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केली, हे खरं आहे. विरोधक विचारतात की २०१९ च्या निवडणुकांत केंद्रावरच्या तोतयेगिरीबद्दल देशभरात एकच शिक्षा झाली, तेवढ्यासाठी हे सगळं कशाला? मला खटकलं ते वेगळंच. साठी उलटलेल्यांचा प्रवासाचा पास ओळख म्हणून चालत होता, तरुणांचं रेल्वे कार्ड चालत नव्हतं. कागदपत्रांची यादी कोण करतं त्यावर कोण आत जाणार हे ठरतं. उत्तर आयर्लंडमध्ये फोटो ओळखपत्र २००३ पासून आहे आणि तिथे त्यावर फारसा गदारोळ नाही, कारण सक्तीबरोबर फुकट कार्डही दिलं गेलं. इंग्लंडमध्येही मागितलं तर मोफत प्रमाणपत्र मिळतं, पण ते आधी अर्ज करून मागावं लागतं. तिथे राहणारी मराठी मंडळी राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून मत देऊ शकतात आणि त्यांचा भारतीय पासपोर्ट ओळख म्हणून चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोवरून माणूस ओळखू आला पाहिजे.

अमेरिकेची गोष्ट गुंतागुंतीची आहे. तिथे देशभरासाठी एकच ओळखपत्र नाही. बहुतेकांचं लायसन्स हेच ओळखपत्र, आणि गाडी न चालवणाऱ्याला वेगळी धडपड करावी लागते. इंडियाना राज्याने २००५ मध्ये फोटो ओळखपत्राचा कडक कायदा केला. २००८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो वैध ठरवला. पण त्याच निकालात नोंद आहे की इंडियानात केंद्रावर कुणी तोतयेगिरी केल्याचा एकही पुरावा न्यायालयापुढे आलेला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्याच साउथ बेंड शहराजवळच्या एका ख्रिस्ती मठातल्या डझनभर वृद्ध नन मताला गेल्या. ऐंशी-नव्वदीतल्या या बायका, कुणाकडेच चालू लायसन्स नाही. त्यांना परत पाठवणारी निवडणूक कर्मचारी त्यांच्याच मठातली नन होती. ती त्यांना रोज बघत होती, आणि तरीही कायद्यापुढे तिचा इलाज नव्हता. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या ऊसतोडीवाल्याची आठवण झाली. टेक्सासने २०११ मध्ये कायदा केला, त्यात पिस्तुलाचा परवाना चालत होता, सरकारी विद्यापीठाचं ओळखपत्र चालत नव्हतं. जस्टिन लेविट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००० ते २०१४ या काळात पडलेल्या शंभर कोटींहून अधिक मतांचा धांडोळा घेतला, त्यात केंद्रावरच्या तोतयेगिरीच्या विश्वासार्ह घटना ३१ सापडल्या. हे सगळं माहीत असलेला माणूस सक्तीला विरोध करत असेल, तर तो बोगस मतदानाचा पाठीराखा ठरत नाही.

आपल्यात आणि त्यांच्यात खरा फरक कुठे आहे? आपल्याकडे यादी करणं हे सरकारचं काम मानलं गेलं. बीएलओ दारात येतो, नव्या नोंदणीचा नमुना ६ भरून घेतो, पहिलं कार्ड फुकट मिळतं, निवडणुकीच्या आधी घरी चिठ्ठी येते. अमेरिकेत अनेक ठिकाणी नागरिकाने स्वतःच नोंदणी करायची, स्वतः कागद गोळा करायचे. ओळखपत्राचा नियम कागदावर एकच दिसतो, पण ओझं कुणाच्या खांद्यावर आहे ते बघितल्याशिवाय तो न्याय्य की अन्याय्य हे सांगता येत नाही. म्हणून २०२५ मध्ये बिहारमध्ये जे झालं त्याने मी अस्वस्थ झालो. २४ जूनला विशेष सखोल पुनरीक्षणाचा, म्हणजे सगळी मतदार यादी नव्याने तपासायचा, आदेश निघाला. ७.८९ कोटी मतदारांनी थोड्या आठवड्यांत अर्ज भरायचे होते, आणि २००३ च्या यादीत नाव नसलेल्यांनी ११ पैकी एखादं कागदपत्र द्यायचं होतं. त्या ११ मध्ये आयोगाचं स्वतःचं मतदार ओळखपत्र नव्हतं, आधारही नव्हतं. आयोगाचा युक्तिवाद असा की ओळखपत्र यादीवरूनच बनतं, मग यादीच तपासायची असताना ते पुरावा कसं होणार? तर्क म्हणून मी तो समजू शकतो. पण वर्षानुवर्षं आम्हीच लोकांना सांगत आलो की हे कार्ड जपून ठेवा. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ६५ लाख नावं नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह जाहीर करायला लावली आणि ८ सप्टेंबरला आधार बारावं कागदपत्र म्हणून घ्यायला सांगितलं, तेही ओळखीपुरतं, नागरिकत्वाचा पुरावा म्हणून नव्हे. अंतिम यादी ७.४२ कोटींची झाली. मेलेल्यांची, दुबार नावं काढायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण नाव काढताना सिद्ध करायची जबाबदारी काढणाऱ्यावर हवी. नमुना ७ ची, म्हणजे नाव वगळण्याच्या अर्जाची, आणि नोटिशीची पद्धत त्याचसाठी आहे. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या पुढच्या टप्प्यात गोवाही होता, आणि तिथली कितीतरी कुटुंबं नोकरीसाठी परदेशात असतात, त्यांच्याबाबतीत ही काळजी आणखी वाटते.

आता आधारच्या अंगठ्याबद्दल. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. त्यामुळे आधार म्हणजे काय हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आधार रहिवाशाला मिळतं, नागरिकालाच मिळतं असं नाही, आणि कायद्यातच लिहिलंय की तो नागरिकत्वाचा पुरावा नाही. म्हणजे मत देण्याचा अधिकार आहे का, या प्रश्नाचं उत्तर आधार देत नाही. माणूस तोच आहे का एवढंच सांगतं, आणि तेही अंगठा लागला तर. रेशन दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा न लागलेल्या म्हाताऱ्या माणसांची रांग तुम्ही पाहिली असेल. कोयता, खुरपं, सिमेंट हाताळणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. रेशनला उद्या परत येता येतं. मताला उद्या नसतो. शिवाय हिशेब करा. एका केंद्रावर आता जास्तीत जास्त १,२०० मतदार. ६५ टक्के मतदान धरलं तर ७८० जण. सकाळी ७ ते संध्याकाळी ६ म्हणजे ६६० मिनिटं. एका मतदाराला ५० सेकंद. त्यात रेंज नसलेल्या शाळेच्या खोलीत सर्व्हरकडून होकार यायची वाट बघायची? आणि मतदानाच्या खोलीत इंटरनेटला जोडलेलं यंत्र आणल्यावर मताच्या गुप्ततेबद्दल ज्या शंका निघतील त्या वेगळ्याच.

यादी आणि आधार जोडायचा प्रयत्न २०१५ मध्ये झाला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने थांबला. तोवर काही राज्यांत काम बरंच पुढे गेलं होतं. तेलंगणात २०१८ च्या विधानसभेला असंख्य लोकांना यादीत नाव सापडलं नाही आणि तिथल्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर माफी मागितली. २०२१ च्या दुरुस्तीने आधार जोडणं पुन्हा आलं, पण ऐच्छिक म्हणून. आधार देता आलं नाही तेवढ्यावरून नाव काढता येत नाही, हे कायद्यात आहे. कुणी बीएलओ सक्ती करत असेल तर त्याला हे सांगा.

आणि दुबार मतदार? २०२५ मध्ये महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांआधी हा मुद्दा पेटला. राज्य निवडणूक आयोगाने यादीत अशा नावांपुढे दोन तारे छापायचे ठरवले आणि मतदार कोणत्या केंद्रावर मत देणार याचं हमीपत्र घ्यायची सोय केली. इथे फोटो ओळखपत्राचा काहीही उपयोग नाही, हे समजून घ्या. गावाकडे एक नाव आणि पिंपरीत एक नाव असलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे त्याचाच असतो, कार्डही खरं असतं. त्याला अडवते ती म्हैसूरची शाई, आणि तीही दोन्हीकडे एकाच दिवशी मतदान असेल तरच. आणि अडवते ती वेळेवर साफ केलेली यादी. गाव सोडून शहरात आलेल्यांनी नवीन नोंदणी म्हणून नमुना ६ भरण्याऐवजी नमुना ८ भरून जुन्या ठिकाणचं नाव हलवलं, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. बहुतेक लोक हे फसवायला करत नाहीत. सायबर कॅफेवाला जो फॉर्म भरून देतो तो भरतात.

मला बदलायला मिळालं तर मी काय बदलेन? ज्याच्याकडे कुठलंच कागदपत्र नाही, पण यादीतला फोटो त्याचाच आहे आणि हजर एजंटांपैकी कुणाचा आक्षेप नाही, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि अंगठा घेऊन मत घ्यायची मुभा केंद्राध्यक्षाला द्यावी. स्थलांतरितांच्या यादीतल्या माणसासाठी ही पद्धत आज आहेच, तिथे ती कागदपत्राच्या जोडीला लागते. इथे ती कागदपत्राच्या ऐवजी चालावी. प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर तोतयेगिरीसाठी एक वर्षापर्यंत कैद आहे आणि अंगठ्याचा पुरावा हातात आहे. या सूचनेतली अडचण मला दिसते. शहरात एजंट मतदारांना ओळखत नाहीत, आणि कितीतरी याद्यांत फोटो म्हणजे शाईचा काळा ठिपका. तिथे ही मुभा धोक्याची ठरेल. म्हणून आधी यादीतले फोटो नवे करावे लागतील. नमुना ८ मध्ये फोटो बदलायची सोय आजही आहे, पैसे लागत नाहीत. तुमचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असेल तर पुढच्या निवडणुकीची घोषणा व्हायच्या आत तो भरून टाका, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचाही भरा.